बायोडाटातली फोटोग्राफी

“ट्रायपॉड घे,” मामा म्हणाला आणि ते तीन पायांचं धूड त्याने काउंटरवर आडवं टाकलं. “त्याच्याबिगर कोनी तुले फोटोग्राफर म्हननार नाही.”

“मामा, मिरवणुकीच्या गर्दीत हे उभं कुठं करू?”

“उभं कर म्हनून कोनी सांगतलं? खांद्यावर ठेवाचं. लोकं आपोआप बाजूले होतात.”

पोळ्याची संध्याकाळ होती. उमरेडच्या बाजारओळीतून सजवलेले बैल परत गेले होते आणि गुणवंतमामाने आपल्या फोटो स्टुडिओचं शटर माझ्यासाठी अर्ध्यावर ओढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या गाडीने मी नागपूरला निघणार होतो. तिथे इतवारीत प्रणिता नंदनवार नावाची मुलगी मला भेटणार होती आणि माझ्याशी लग्न करायचं की नाही, ते ठरवणार होती. भेटीचं निमित्त, रस्त्यावरची फोटोग्राफी. मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवणारा सत्तावीस वर्षांचा इन्स्ट्रक्टर. जन्मात दोनदा कॅमेऱ्याचं बटण दाबलेलं. एका फोटोत माझंच बोट आलं होतं, दुसऱ्यात मावशीचं डोकं आलं नव्हतं.

सगळी करणी मामाची. माझा बायोडाटा त्यानेच लिहिला होता. मुलीच्या बायोडाटावर “नोकरी : एका दैनिकात छायाचित्रकार, विशेष आवड रस्त्यावरची फोटोग्राफी” असं वाचल्यावर याने माझ्या कागदावर “छंद” या शब्दापुढे बिनधास्त तेच उतरवून काढलं. बायोडाटात सगळेच थोडी भर घालतात. उंची इंचभर वाढते, रंग एक पायरी उजळतो, स्वभाव तर सगळ्यांचाच शांत असतो. पण आख्खा छंद उसना घेतल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. मला कळलं तेव्हा कागद नागपूरला पोचला होता. मी तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण तिकडून आलेल्या पाकिटात तिचा फोटो होता. त्यात ती स्टुडिओतल्या पडद्यासमोर बसून फोटो काढणाऱ्यालाच निरखत होती, की हा बाबा काय चुका करतोय. तो फोटो मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि तोंड बंद ठेवलं.

मग तिचा फोन आला. थेट आमच्या घरी, कुणाची मध्यस्थी नाही.

“हेमराज पराते का? मी प्रणिता. ते घरच्यांसमोर पोहे खायचा कार्यक्रम करूच आपण संध्याकाळी, पण त्याआधी दिवसा मारबतीला या ना. कॅमेरा घेऊन. तुम्ही रस्त्यावरची फोटोग्राफी करता म्हणजे मारबत सोडत नसाल.”

“छे, छे. कधीच नाही,” मी म्हणालो. मी मारबत पाहिलीसुद्धा नव्हती.

“सामान मोजकंच आणा हं. लागते तेवढंच.”

“अर्थात,” मी म्हणालो.

त्या “लागते तेवढंच”ने माझी झोप उडवली. वेल्डिंगला काय लागतं ते मी झोपेत सांगेन. होल्डर, रॉड, तोंडावरची ढाल, हातमोजे, खपली काढायची हातोडी. पण रस्त्यावर फोटो काढायला काय लागतं? जे न्यावं त्यावरून आणि जे न न्यावं त्यावरूनही बाई मला एका नजरेत ओळखणार होती.

मामाला हा प्रश्न पडलाच नाही. त्याच्या मते सगळंच लागत होतं.

“हे फ्लॅशगन.”

“मामा, दुपारच्या बारा वाजता?”

“ढग आले तं? ही छत्री.”

“पावसासाठी?”

“अरे, ही उजेडाची छत्री हाय, पावसाची नाही. पाऊस आला तं दुसरी घे. हे तीन फिल्टर. लाल, पिवळा, अन् हा चांदन्या पाडनारा. दिव्याच्या फोटोले लावला का दिव्यातून चांदन्या निघतात. वरमाईले लय आवडते.”

“तिथं वरमाई कुठे असणार?”

“पुढं असंन ना कधीतरी!” असं म्हणून मामा स्वतःच्या विनोदावर इतका हसला की चांदण्यांचा फिल्टर खाली पडता पडता वाचला.

मग तीन लेन्सा, एक लांबलचक वायर, लेन्सवरची धूळ उडवायचा रबरी फुगा, चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा, काळं कापड, आठ सेल आणि लोकांनी फोटोआधी केस नीट करावेत म्हणून कंगवा-आरसा. मग त्याने आपला जुना, जादाचा कॅमेरा माझ्या हातात देऊन मला शिकवणी दिली. डोळा इथे, बोट तिथे, श्वास बंद. दर फोटोनंतर हा खटका अंगठ्याने पुढे ओढायचा. शेवटी बॅग पाठीवर, फ्लॅश गळ्यात, ट्रायपॉड खांद्यावर असा मी त्या आरशासमोर उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, छाती दोन इंच फुगली होती.

“कसा दिसून राह्यलो?”

“लग्नाच्या ऑर्डरले निघाल्यावानी,” मामा अभिमानाने म्हणाला.

ज्यांनी मारबत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन अवाढव्य बाया निघतात, बांबू आणि कागदाच्या. एक काळी, एक पिवळी. त्यांना मारबत म्हणतात. इतवारीच्या बोळांतून त्यांना मिरवत नेतात, दोघींची गाठ घालतात आणि शेवटी नेऊन जाळतात. जाताना गावातली सगळी रोगराई, सगळी पीडा मारबतीने सोबत न्यावी अशी समजूत. म्हणून लोक तिला ओरडून ओरडून सांगतात, खोकला घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. सोबत बडगे असतात, म्हणजे ज्याच्यावर त्या वर्षी लोकांचा राग त्याचे पुतळे. रस्त्यात मुंगी शिरायला जागा नसते.

त्या रस्त्यात मी ट्रायपॉड घेऊन शिरलो. मामाचं एक खरं ठरलं, लोक बाजूला होत होते. शिव्या देत होते, पण बाजूला होत होते.

शहीद चौकाजवळच्या चहाच्या टपरीवर ती उभी होती. पायात कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, गळ्यात एक कॅमेरा. बाकी काही नाही. मी समोर उभा राहिलो तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

“बाकीचे कुठे आहेत?”

“बाकीचे कोण?”

“नाही, सामान पाहून वाटलं चार-पाच जण आले.”

मी हसलो. हसताना खांद्यावरचा ट्रायपॉड फिरला आणि टपरीवाल्याची बिस्किटांची बरणी थोडक्यात बचावली. प्रणिताने तो ट्रायपॉड माझ्या खांद्यावरून काढून घेतला.

“हे भाऊकडे राहू द्या. बॅग उघडा बरं. यातलं लागते काय, पाहू.”

तिने टपरीच्या बाकावर माझी बॅग रिकामी करायला घेतली. मी बाजूला उभा.

“फ्लॅश?”

“ढग आले तर,” मी म्हणालो.

“ढग आहेतच. छान उजेड आहे, कुठे सावलीच नाही. ठेवा. हे काय?”

“चांदण्या पाडणारा फिल्टर.”

“मारबतीत चांदण्या?”

“माझी ती एक शैली आहे,” मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही.

तिने ओठ घट्ट दाबून धरले. छत्री गेली, पुठ्ठा गेला, वायर गेली. दोन लेन्सा गेल्या. “मोठी लेन्स लावून लांबून फोटो चोरायचा नाही. जवळ जायचं, त्याला दिसलं पाहिजे आपण आलो ते.” कंगवा-आरसा तिने उलटसुलट करून पाहिला. मग टपरीवाल्याने त्या आरशात बघून भांग पाडला आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

“तुमचं बाकीचं सामान?” मी विचारलं.

तिने कुडत्याचे खिसे बाकावर उलटे केले. फिल्मचे दोन रोल. एक प्लास्टिकची पिशवी आणि रबर, पाऊस आला तर कॅमेऱ्यावर चढवायला. लेन्स पुसायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा. मूठभर लिंबाच्या गोळ्या.

“गोळ्या कशाला?”

“भांडण झालं की द्यायच्या. फोटो काढला म्हणून कोणी चिडलं तर आधी गोळी. तोंडात गोळी असली की माणसाला ओरडता येत नाही.”

मी त्या क्षणी तिच्या प्रेमात पडलो. आधी फोटोवरून पडलो होतो ते वेगळं. हे पक्कं होतं.

मग आम्ही गर्दीत घुसलो. गळ्यात एक कॅमेरा, पाठ मोकळी, हात मोकळे. गुलाल उडत होता, ढोल वाजत होते, एका लठ्ठ बडग्याचं पोट दारात अडकलं होतं आणि वीस माणसं त्याला आतून-बाहेरून ढकलत होती. प्रणिता त्या बडग्याच्या पायांतून वाकून पलीकडे गेली, एक फोटो काढून परत आली. मीही गेलो. मामाचे धडे, डोळा इथे, बोट तिथे, श्वास बंद. खटका ओढ, परत दाब. आणि काय सांगू, मला मजा यायला लागली. त्या छोट्याशा चौकोनातून सगळं आधी कधी पाहिलं नव्हतं तसं दिसत होतं. एका आजोबांच्या टोपीवर गुलालाचा पाचही बोटांचा पंजा. गॅलरीतून वाकून हात हलवणाऱ्या सहा जावा. पिवळी मारबत वळणावर आली तेव्हा विजेच्या तारा बांबूने वर उचलून धरणारा एक गडी, सगळी मिरवणूक त्याच्या दोन हातांखालून जात होती. मी फटाफट काढत सुटलो. वेल्डिंगमधलं सगळं जग काळ्या काचेतून पाहणाऱ्या माणसाला एवढा उजेड एकदम मिळाला तर दुसरं काय होणार?

“जमून राहिलं?” प्रणिताने ढोलाच्या वरून ओरडून विचारलं.

“एकदम!”

“रोल कितीचा आहे तुमचा?”

“छत्तीसचा!” हे मला माहीत होतं. मामाने सांगितलं होतं.

“बदलला का मधात?”

“नाही!”

“मग हा बावन्नावा फोटो कशावर आला?”

ढोल वाजत होते. मी खटका ओढला, तो ओढला गेला. परत ओढला, परत ओढला गेला. तिने माझा कॅमेरा हातात घेतला आणि डाव्या बाजूची छोटी चकती दाखवली.

“आत रोल असला की खटका ओढल्यावर ही फिरते. तुमची तिसऱ्या फोटोलाही फिरली नव्हती. मी तेव्हापासून मोजून राहिली.” आणि तिने मागचं झाकण उघडलं. आत स्वच्छ, कोरी, काळी पोकळी. मामाने फुगा दिला, वायर दिली, कंगवा दिला. आणि रोल? रोल त्याच्या रोजच्या कॅमेऱ्यात कायमच असायचा, त्यामुळे तो वेगळा द्यावा लागतो हे ना त्याला सुचलं ना मला.

प्रणिता विजेच्या खांबाला धरून हसायला लागली. बसली. उठली आणि परत हसली. मला तोंड लपवायला जागा नव्हती, लपवायला हलताही येत नव्हतं इतकी गर्दी. संपलं, मी मनात म्हणालो. सहा तासांत छंद गेला, मुलगी गेली, आता परतीची गाडी तेवढी मिळावी.

नेमकी तेव्हा काळी मारबत आली. मोठे डोळे, बाहेर आलेली जीभ, कपाळावर कुंकवाचा थाळीएवढा टिळा. लोकांनी आवाज चढवला. ताप घेऊन जा गे मारबत! मच्छर घेऊन जा गे मारबत! माझ्या मागच्या माणसाने मला ढोसलं. “भाऊ, तुमचं काय हाय? देऊन टाका तिच्याजवळ!”

मी मान वर केली आणि जीव खाऊन ओरडलो, “बायोडाटातली फोटोग्राफी घेऊन जा गे मारबत!”

आजूबाजूच्या पंधरा-वीस जणांनी कसला विचार न करता तेच उचललं. “फोटोग्राफी घेऊन जा गे मारबत!”

प्रणिताचं हसू थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मारबतीकडे, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, “स्वयंपाकाची आवड घेऊन जा गे मारबत!”

“येत नाही?” मी विचारलं.

“वरण करपते माझं! वरण!”

“उंची पाच फूट आठ घेऊन जा गे मारबत!”

“विणकाम, भरतकाम घेऊन जा गे मारबत!”

“शांत स्वभाव घेऊन जा गे मारबत!”

भोवतालची पोरं प्रत्येक वाक्य झेलत होती, नाचत होती. “भरतकाम घेऊन जा गे मारबत!” एक पन्नाशीचे गृहस्थ तर शांत स्वभावावर इतके खूश झाले की त्यांनी मला मिठी मारली. आम्ही दोघं गुलालाने लाल, घामाने ओले, एकमेकांकडे बोट दाखवून हसत होतो. स्थळ पाहायला आलेली माणसं इतकी हसल्याचं मी आजवर पाहिलं नाही.

मग तिने कॅमेरा खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. मारबतीच्या त्या मोठ्या डोळ्यांत पाहत ती ओरडली, आणि या वेळी तिचा आवाज मध्येच फाटला.

“लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी घेऊन जा गे मारबत!”

पोरांनी तेही उचललं. तेवढ्याच आनंदाने.

ती ओळ मी वाचली होती. तिच्या बायोडाटात सगळ्यात शेवटी होती. आईने तर दोनदा मोठ्याने वाचून दाखवली होती आणि समाधानाने कागदाची घडी घातली होती.

“बाबांनी लिहिली,” प्रणिता म्हणाली. आता ती माझ्या अगदी कानाशी बोलत होती. “तुमच्याकडून निरोप आला होता, ही ओळ असेल तरच पुढची बोलणी. म्हणून म्हटलं पोह्याच्या आधी भेटू. तुम्ही फोटो काढणारे, तुम्हाला तरी कळेल. मग तुमची बॅग पाहिली.”

“आमच्याकडून? मला माहीत नव्हतं.”

“खरंच?”

“खरंच.”

“आता माहीत झालं,” ती म्हणाली.

बस, एवढंच. रागावली नाही, रडली नाही. कुडत्याच्या बाहीने चेहऱ्यावरचा गुलाल पुसला आणि उभी राहिली. मारबत आमच्यासमोरून पुढे सरकत होती. अजून दहा पावलं, की वळणाआड जाणार होती. घरी काय म्हणतील, मामा काय म्हणेल, आईने कोणाकोणाला सांगून ठेवलं असेल, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. सत्तावीस वर्षांत मी घरात कशालाच नाही म्हटलं नव्हतं. आयटीआय मामाने ठरवलं, वेल्डिंग बाबांनी ठरवलं, शर्ट आईच आणायची.

मी मारबतीच्या मागे धावलो. लोकांच्या खांद्यांवर हात ठेवून उंच झालो आणि ओरडलो, “नोकरी सोडण्याची तयारी घेऊन जा गे मारबत!” परत ओरडलो. वळणापर्यंत ओरडत गेलो. माझ्याबरोबर निम्मी इतवारी ओरडत होती, तिला कसली नोकरी आणि कोणाची तयारी हे कळायचं कारण नव्हतं. मागे वळलो तेव्हा प्रणिता वीस पावलांवर होती आणि तिच्या डोळ्याला कॅमेरा होता. पाऊस भुरभुरायला लागला होता.

“पिशवी धरा ना वरून,” तिने ओरडून सांगितलं. “माझा रोल संपला.”

मी जाऊन तिच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून धरली. तिने तिच्याखाली रोल बदलला.

“चला आता घरी,” ती म्हणाली. “पोहे थांबले असतील. सगळे बसून असतील उत्तर ऐकायला.”

“आधी एक फोन करतो,” मी म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो. गळ्यातून नुसती खरखर निघाली.

कोपऱ्यावर एसटीडीचं काचेचं खोकं होतं. मी आत गेलो, दार ओढलं, उमरेडचा नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटीला आईने उचलला. फोनजवळच बसली असणार.

“हॅलो, कोन?”

“आई, मी.”

“कोन मी?”

“हेमराज.”

“हेमराज घरी नाही. नागपूरले मुलगी पाहाले गेला हाय.”

“आई, मीच हाय ना. ऐक.” मी घसा खाकरला, काही उपयोग झाला नाही. “मुलगी नोकरी सोडनार नाही. आपन सोड म्हननार नाही. तो निरोप कोनी पाठवला ते मी विचारत नाही, पन ती ओळ आजपासून नाही. मले मुलगी पसंत हाय. मी तिले पसंत हाय का, ते तिनं अजून सांगतलं नाही.”

मीटरचे लाल आकडे तेवढे पळत होते.

“कोन बोलून राह्यला रे तू?” आई म्हणाली. “राँग नंबर लागला तुले. आमचा मुलगा असा नाही बोलत.”

आणि तिने फोन ठेवला.

काचेच्या पलीकडून प्रणिताने हातानेच विचारलं, काय झालं? मी तिला एक बोट दाखवलं, थांबा म्हणून, आणि परत नंबर फिरवला.